इनामगावच्या मावशींना, जाहीर आभार

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे तुमच्या नातवाच्या फोनवर येईल. त्याने मोठ्याने वाचून दाखवावं, घाई करू नये. चारचौघांत लिहितेय, कारण तुमचं चांगुलपण चार लोकांना कळायला हवं. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दोन-तीन जणांना थोडं लागावं, अशीही इच्छा आहे.

सहावीच्या वर्गात मी नेहमी त्याच नद्या फळ्यावर काढते. नाईलचा पूर ठरल्या वेळी यायचा, उन्हाळ्याच्या अखेरीला, आणि ओसरला की मागे राहिलेल्या गाळावर पेरणी व्हायची. म्हणून इजिप्तच्या लोकांनी पुरालाच देव केलं. हापी त्याचं नाव, सुटलेल्या पोटाचा, भरल्या घरचा वाटावा असा. नाईलमधल्या एलिफंटाईन बेटावर दगडी पायऱ्यांवर ते पाण्याची उंची मोजत, आणि त्यावरून सारा किती बसेल याचा अंदाज येई. तिकडे आजच्या इराकमधल्या तैग्रिस-युफ्रेटिसचा पूर नेमका वसंतात, पीक शेतात उभं असताना. तिथल्या कथांत देव माणसांवर चिडून पूर सोडतात, यात मला कधी नवल वाटलं नाही. नदी जशी वागली तसे देव झाले, एवढं सांगून मी पुढच्या पानावर जायची.

यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, मग आपल्या घोड नदीकाठी कोण राहायचं?"

घोडकाठच्या इनामगावचं नाव मला ठाऊक होतं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची वस्ती होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे मोठे पुरातत्त्वज्ञ त्यात होते, हेही वाचलेलं होतं. मुलांना प्रत्यक्ष जागा दाखवावी म्हणून मी विचारपूस सुरू केली. एका कार्यालयातून उत्तरच आलं नाही. एका विद्वान गृहस्थांनी उत्तर दिलं, ते न देते तर बरं झालं असतं. "तिथे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि त्या वयाच्या मुलांना कळणार काय?" घरच्या लोकांपैकीच एकाने, म्हणजे शाळेतल्याच, हे परीक्षेला येतं का असं विचारलं. मी सगळ्यांना हसून उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जोरात घासली गेली.

मग तुमचा पत्ता कसा लागला, गाडी कशी ठरली, ते राहू दे.

टेकाडावर पोचलो तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, विद्वान बरोबर होते की काय. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची माती, बाभळी, आणि पलीकडे ऊस. त्या लोकांची घरं कुडाची, मातीने लिंपलेली; तीन हजार वर्षांनी भिंती उभ्या कशा सापडणार? मुलं इकडेतिकडे बघत होती आणि एकाने डबा कधी खायचा ते विचारलंसुद्धा.

तुम्ही वाकलात आणि मातीतून खापराचा एक तुकडा उचललात. तळहाताएवढाही नव्हता, धुळीने मळलेला. कोणाला त्यात काही दिसलं नाही. तुम्ही पिशवीतली पाण्याची बाटली काढलीत, दिवसभरासाठी आणलेली, निम्मी आधीच संपलेली, आणि त्यातलं पाणी त्या तुकड्यावर ओतलंत. अंगठ्याने हळूच पुसलंत. लाल अंगावर काळ्या रेघा वर आल्या, जाळीसारख्या, एकीत एक गेलेल्या. "पाण्याबिगर दिसायचं न्हाई ते," एवढंच म्हणालात.

मुलांनी तो तुकडा हातोहात फिरवला. कोणीतरी तो खिशात घालू पाहिला तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. हात पुढे केलात, त्याने दिला, आणि तुम्ही तो जिथून उचलला होता तिथेच, तसाच पालथा ठेवलात.

मावशी, मी पंधरा माणसांची भाषणं ऐकून जे शिकले नसते ते त्या निम्म्या बाटलीत शिकले. तहानेचं पाणी तुम्ही एका मेलेल्या कुंभाराच्या रेघांवर घातलंत, तेही परक्या पोरांसाठी.

नवीन लग्न होऊन आलात आणि खोदकामाच्या शेवटच्या हंगामात रोजावर गेलात, घमेली वाहिलीत, मग ब्रश हातात दिला गेला, हे तुम्ही किती सहज सांगितलंत. आणि लेकराचे ते दोन रांजण. तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले, घराच्याच जमिनीखाली, आत लहान हाडं. तुम्ही म्हणालात, "आईला लांब न्यायचं नसंल." वयाने मोठ्या माणसाला मात्र पाय घोट्यापासून तोडून पुरत. मेलेला उठून दूर जाऊ नये, आपल्याजवळच राहावा, असा त्यामागचा समज असावा, असं अभ्यासकांना वाटतं. अभ्यासकांचं वाक्य आणि तुमचं वाक्य मी वहीत एकाखाली एक लिहून ठेवलं आहे.

तुम्ही दाखवलेल्या दिशेला मुलं नंतर बराच वेळ बघत होती, जिथे पुराचं पाणी वळवायला खणलेला चर आणि त्याच्या बाजूचा दगडमातीचा बांध सापडला होता. इथे नाईलसारखी सोय नव्हती. घोड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. पाणी आलं त्या चार दिवसांत ते अडवायचं, नाहीतर जव आणि मसूर विसरायचं. (जव म्हणजे सातू, तेलाचं जवस नव्हे, मुलांनी हे मला तीनदा विचारलं.) गावच्या मुख्याच्या पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचं कोठार होतं, यावरून पाणी आणि धान्य कोणाच्या हाती होतं ते आमच्या वर्गाने चटकन ओळखलं. राजकारण मुलांना लवकर कळतं.

बिनडोक्याची ती मातीची देवी, मातीची डबी आणि बैल यांच्यासह जमिनीखाली ठेवलेली, तीही याच नदीकाठची. हापीसारखं भरलं पोट तिला नाही. ज्या नदीचा भरवसा नाही तिच्या काठी देव असे लपवून, जपून ठेवावे लागत असतील, असं मला वाटतं. हे माझं म्हणणं, पुस्तकातलं नव्हे. नदीकाठी तुम्ही साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवतांचे, शेंदूर लावलेले दगड दाखवलेत, तेव्हा दोन्हींना एका धाग्यात ओवायचा मोह झाला. ओवला नाही. मध्ये फार वर्षं आहेत.

इसवी सन पूर्व 1000 नंतर पाऊस कमी होत गेला, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकार वाढली, आणि 700 च्या आसपास गाव उठलं. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. तुमच्या माहेरीही दुष्काळात घरं उठलेली तुम्ही पाहिली आहेत, ते मी विसरलेले नाही.

ज्यांच्याकडे पदव्या आहेत ते दार लावून बसतात, आणि रोजाने माती वाहिलेलं माणूस ऊन डोक्यावर घेऊन परक्या पोरांबरोबर हिंडतं, वर गूळ-शेंगदाणे देतं. असं का, ते मला सांगता येत नाही. पण अशी माणसं आहेत म्हणून शिक्षकी करवते. तुम्ही पैसे घेतले नाहीत, उलट मुलांच्या चपला मोजून घेतल्यात.

आता कामाचं. वर्गाने मातीत चर आणि बांध करून पाहिला, पाणी सोडल्यावर बांध दोनदा फुटला. मुलांचं म्हणणं आहे की उतार तुम्हीच सांगू शकाल. ऊसतोड आटोपली की एक दिवस शाळेत या. गाडी आम्ही पाठवू, नातवालाही आणा, आणि जेवायला आमच्याकडे. कोणता वार जमेल ते त्याच्याकडून कळवा.

तुमची,
सहावीच्या बाई