कॅसाब्लांकाच्या मशिदीतला समुद्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोरोक्कोतील कॅसाब्लांका येथील हसन दुसरे मशिदीवरचा आपला लेख वाचला. त्यात मिनाराची 210 मीटर उंची आणि 25,000 नमाजी मावतील असे प्रार्थनागृह यांचे पुष्कळ कौतुक आहे. परंतु ज्या समुद्रामुळे ही वास्तू अशी घडली आणि ज्याच्याशी तिला आजही झुंजावे लागते, त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला गेला, याची खंत वाटली.

फ्रेंच वास्तुविशारद मिशेल पँसो यांच्या आराखड्यानुसार 1986 मध्ये काम सुरू झालेली आणि 1993 मध्ये पूर्ण झालेली ही मशीद काही अंशी थेट अटलांटिकच्या पाण्यावर उभी आहे. ईश्वराचे सिंहासन पाण्यावर होते, या कुराणातील वचनाला धरून राजे हसन दुसरे यांनी ही जागा निवडली. मिनार चौकोनी आहे, मोरोक्कोतल्याच मराकेश शहरातील जुन्या कुतुबिया मशिदीच्या परंपरेतला. म्हणूनच काँक्रीटचा एवढा प्रचंड सांगाडा त्या भूमीत उपरा वाटत नाही. प्रार्थनागृहाचे छत यंत्राने सरकते आणि आत आकाश उतरते.

भिंतींवरचे झेलीज हे हातकाम तर जवळून पाहावे असेच आहे. कारागीर झिलईच्या फरश्या धारदार हातोडीने टिचवून तारे आणि पाकळ्या पाडतो आणि ते तुकडे पालथे मांडून मागून गिलावा भरतो, त्यामुळे रंगांची नक्षी पूर्ण उलटेपर्यंत त्याला स्वतःलाही दिसत नाही.

मात्र वास्तूचा खरा कस नंतर लागला. खारे पाणी काँक्रीटमध्ये मुरले, आतल्या सळया गंजल्या, गंज फुगल्याने वरचा थर तडकू लागला आणि उद्घाटनाला जेमतेम बारा वर्षे होत असताना, 2005 मध्ये, समुद्राकडील भागाची मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली. खराब काँक्रीट काढून तिथे गंजरोधक पोलादाच्या सळया आणि अधिक घट्ट काँक्रीट वापरले गेले. हे लपवण्याजोगे अपयश आहे असे मला मुळीच वाटत नाही; उलट त्या इमारतीच्या रचनेइतकाच तो अभ्यासाचा विषय आहे.

अल्जीयर्सच्या उपसागराकाठीही आता 265 मीटर मिनाराची मशीद उभी राहिली आहे. तिच्यावर लिहाल तेव्हा उंचीबरोबरच खाऱ्या हवेपासून तिच्या बचावाची काय व्यवस्था केली आहे, तेही कृपया छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक