इंच मोजता, विहिरी कधी मोजणार?

संपादक महोदय,

पावसाळा सरला की यंदा किती इंच झाले याची बातमी येते आणि पाण्याचा विषय मिटला असे सगळे धरून चालतात. 2024 साली गोव्यात 160 इंचांच्या वर पाऊस झाला, सरासरी 120 च्या आसपास असते. तरी उन्हाळ्यात टँकर फिरायचे ते फिरतातच.

आम्हा सत्तरी तालुक्यातल्या कुळागरवाल्यांना (पोफळी-मिरीच्या बागा असणाऱ्यांना) याचे नवल वाटत नाही. सड्यावरच्या (डोंगरावरच्या पठारावरच्या) जांभ्यात पाणी मुरायला सावकाश, दिवसचे दिवस पडणारा पाऊस लागतो. आता तो कोसळतो, मध्येच आठवडाभर दडी मारतो आणि पुन्हा कोसळतो. कोसळलेले पाणी ओहोळातून म्हादई नदीत आणि तिथून थेट समुद्रात. 23 जुलै 2021 चा पूर सत्तरीत कोणी विसरलेले नाही, पण पूर येऊन गेला म्हणून झरी भरत नाहीत. आमच्या झरीचा पाट पूर्वी मे महिन्यातही वाहायचा, आता शिगम्यालाच (होळीच्या सुमारास) त्याची धार करंगळीएवढी होते. पहिल्यांदा मिरवेल मान टाकते, मग पोफळी पिवळ्या पडतात.

हा नुसता निसर्गाचा लहरीपणा नव्हे. आपण जाळलेल्या कोळसा-पेट्रोलने हवा तापली आहे आणि एका अंशाला ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. खाली अरबी समुद्रही तापतोय. 2023 च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळाच्या दिवसांत मान्सून रखडला, तेव्हा अंजुणे-साळावली धरणांचे आटलेले पाणी बघून सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. उन्हाळ्यात नद्यांचा ओघ कमी झाला की भरतीचे खारे पाणी वर चढते, ते वेगळेच.

म्हादईसाठी कर्नाटकाशी भांडायलाच हवे, त्यात दुमत नाही. पण म्हादई जलतंटा लवादाच्या 2018 च्या निवाड्यातले टीएमसीचे हिशेब मागच्या पावसावर बेतलेले आहेत. खटला जिंकलो तरी तो पाऊस परत येणार नाही. इकडे आपणच सडे सपाट करून त्यावर प्लॉट पाडतो आणि मुरणारे थोडेफार पाणीही अडवतो. सड्यांना पाणलोट म्हणून कायद्याचे संरक्षण द्या, अशी मागणी विधानसभेत एकाही आमदाराने लावून धरू नये?

आपल्याकडेही एक मागणे आहे. धरणांची टक्केवारी आपण छापता, तिच्याच शेजारी जानेवारीपासून गावोगावच्या विहिरींची पातळीही छापा. जलस्रोत खात्याकडे आकडे नसतील, तर तीही बातमीच होईल.

— एक बागायतदार, सत्तरी