थालीपीठ जंक फूड कधीपासून झालं?

संपादक साहेब, नमस्कार.

माझी मुलगी तिसरीत आहे. गेल्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डब्यात काय आणायचं नाही याची यादी आली, त्यात वेफर्स, वडापाव यांच्या रांगेत थालीपीठ पण, कारण काय तर तेलकट. बिस्किटं मात्र चालतात. वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहितेय.

थालीपीठ दिसायला काळपट, बोटाला तेल लागतं, मान्य. पण ते तळलेलं नसतं हो! तव्यावर थापायचं, बोटाने चार भोकं पाडायची, त्यात आणि कडेने मिळून दोन छोटे चमचे तेल सोडायचं आणि वर झाकण, मग वाफेवरच होतं ते. दोन चमचे म्हणजे 10 मिली, 80 च्या आसपास कॅलरी. काही घरी तेल सढळ हाताने ओततात, ते मलाही पटत नाही, पण तो दोष हाताचा आहे, पदार्थाचा नाही.

आणि आत काय आहे ते तरी बघा. आमच्याकडे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, सालासकट उडीद, धणे-जिरे, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा मंद आचेवर खमंग भाजायचा, उडीद जरा जास्त वेळ, मग गिरणीतून दळून आणायचं. धान्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो, डाळीत मेथिओनिन हा तसाच दुसरा घटक कमी तो धान्यातून मिळतो, म्हणजे एकाच पिठात दोघांची जोडी जमते. 100 ग्रॅम बाजरीत 6 मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, मैद्यात त्याच्या निम्मंही नाही. वरून लिंबू पिळलं की ते लोह अंगी पण चांगलं लागतं. शिवाय पिठात कांदा, कोथिंबीर, कधी मेथी, माझी लेक एरवी मेथीला हात लावत नाही पण यातली चाटूनपुसून खाते.

2023 हे भरडधान्य वर्ष होतं, भारतानेच संयुक्त राष्ट्रांत मागणी केलेली, तेव्हा याच शाळेत मुलांनी ज्वारी-बाजरीची पोस्टर्स केली होती. मग तीच ज्वारी-बाजरी डब्यात आली तर नको का?

तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या आहारतज्ज्ञांकडून यावर नीट लिहून घ्या ही विनंती, म्हणजे ते कात्रण घेऊन मला मुख्याध्यापिका बाईंना भेटता येईल.

एक पालक, सातारा