ओढते का सगळे विचारतात, उतारावर थांबते का कोणीच विचारत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅराव्हॅनवाल्यांवर पानभर आलं होतं ना, गाडीमागं छोटंसं पांढरं घर, त्याच्या मागं धुक्यातला डोंगर, फोटो भारीच होता, त्याच्यावरच लिहून राहिलो. आमच्या घरी ते पान कापून फ्रिजवर चिकटलं सुद्धा. अन् सोमवारी सकाळी दूध आणायला निघालो तर शेजारच्या दोघांनी गेटवरच अडवलं, "काका, तुमची गाडी ओढते का हो एवढं?" कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे की माझ्या अंगणात दोन वर्षांपासून असाच एक ट्रेलर ताडपत्री टाकून उभा आहे.

ओढते. आरामात ओढते. सात सीटर डिझेल गाडी आहे, ओढण्याचा काही प्रश्नच नाही राजेहो. पण तो ताडपत्रीखाली का उभा आहे ते कोणी विचारत नाही म्हणून हे पत्र.

ट्रेलर मी एका वर्कशॉपमधून बनवून घेतला होता. एकच ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा), आत दोघांचा पलंग, गॅसची शेगडी, साठ लिटरची पाण्याची टाकी. ट्रेलरला वेगळं रजिस्ट्रेशन अन् वेगळा नंबर लागतो हे बऱ्याच जणांना माहीत नसते, तेही करून घेतलं. ब्रेकचं मी विचारलं होतं हं. कारागीर म्हणे, "सातशे किलोले काय ब्रेक लावता साहेब, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले तरी कुठं राहते?" मला पटलं. आता हसू येते पण तेव्हा पटलं.

डिसेंबरात चिखलदऱ्याला निघालो. मी, बायको, साळा, त्याची बायको, दोन पोरं अन् सासूबाई, म्हणजे गाडी फुल्ल. अमरावती रोडवर कोंढाळीपर्यंत काही नाही, पोरं मागच्या काचेतून ट्रेलरला टाटा करून राहिली होती. तळेगावच्या पुढं एक बस जोरात ओव्हरटेक करून गेली आणि ट्रेलर असा हलला जशी म्हशीची शेपटी. इकडून तिकडे, तिकडून इकडे, अन् दर वेळी जास्त. मी घाबरून ब्रेकवर पाय ठेवणारच होतो, तेवढ्यात समोर खड्डा दिसला म्हणून नुसता ॲक्सिलरेटर सोडला अन् स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आपोआप शांत झाला. नंतर कळलं की तेच बरोबर असते, घाबरून कच्चकन ब्रेक मारला किंवा उलटसुलट स्टिअरिंग फिरवलं की ट्रेलर गाडीलाच आडवं घेऊन जाते.

ट्रेलर असा का हलला ते ज्यांनी बैलगाडी हाकली त्यांना एका शब्दात समजते, उलार. गाडीत मागं जास्त माल भरला की जू वर उचलते, बैलाच्या मानेवर वजनच राहत नाही. आमच्या बाबांनी गाडी भरताना पोतं कुठं ठेवायचं यावरून आम्हाला किती शिव्या दिल्या असतील. अन् मी शहाण्यानं काय केलं, पाण्याची टाकी, थंड्याचा डबा अन् सासूबाईंची लोखंडी पेटी, सगळं ॲक्सलच्या मागं. अमेरिकेत असल्या ट्रेलरसाठी हिशोब असा धरतात की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर आला पाहिजे. माझा ट्रेलर भरून धरमकाट्यावर ७१० किलो भरला (हेही परत आल्यावर केलं, आधी नाही), म्हणजे हुकवर ७० ते १०० किलो पाहिजे. मोजायला काही लागत नाही, सपाट जागेवर ट्रेलर समतल उभा करून कपलरखाली, म्हणजे त्याचं जे टोक गाडीच्या हुकवर बसते त्याच्या खाली, लाकडी ठोकळा अन् त्याच्या खाली घरातला वजनकाटा ठेवायचा. माझा भरला ३० किलो. तीस! बाबा असते तर चाबूक घेतला असता.

बरं, पुढं जास्त टाकणंही बरोबर नाही, मग गाडीची मागची बाजू दबते अन् पुढची चाकं हलकी होतात. ज्यांची गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे अर्टिगा, कार्निव्हल, हायक्रॉस वगैरे, त्यांनी हे जास्त पाहावं, कारण ओल्या रस्त्यावर चढणीच्या वळणात चाक जागच्या जागी फिरते. क्रिस्टासारखी मागच्या चाकांवर चालणारी असली तर तेवढं टेन्शन नाही.

परतवाडा आलं, पुढं घाट. चढताना सेकंड गिअर, एसी बंद, तापमानाचा काटा थोडा वर गेला तर दोनदा थांबलो, पोरांनी बोरं खाल्ली. मजेत चढलो. चिखलदरा हजार-अकराशे मीटरवर आहे, तिथली हवा एवढी काही पातळ नाही, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेलला तर कळतही नाही. माझी मुलगी अमेरिकेत डेन्व्हरला राहते, तिच्याकडं मिनीव्हॅन आहे अन् कापडी छताचा छोटा ट्रेलर. तिथं हायवेचा बोगदाच साधारण ३४०० मीटरवर आहे, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाची तिथं तिसरा हिस्सा ताकद जाते म्हणतात. तरी चढाचं तिला काही वाटत नाही, उजव्या लेनमधून हळूहळू चढते. भीती तिलाही उताराचीच.

आमची परत यायची सकाळ. थंडी मस्त, सगळे खुश. मी तिसऱ्या गिअरवर उतरून राहिलो अन् पाय ब्रेकवर, कधी जास्त कधी कमी, पण उचलतच नव्हतो. पाच-सहा वळणं झाली असतील, साळा मागून म्हणे, "भाऊजी, काहीतरी जळून राहिलं." मला वाटलं बाहेरचा कुठला धूर असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल आधीपेक्षा खाली गेलं, नरम, जसं स्पंजावर पाय ठेवला. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी खाली. मागून ७१० किलो धक्का देऊन राहिले, दरी डाव्या बाजूला, अन् बायको एकदम गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे मी समजतो. कसाबसा सेकंडमध्ये टाकला, मग फर्स्ट, इंजिन ओरडलं पण गाडी धरली, पेडल पंपासारखं मारत मारत डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा होती तिथं घेतली, हॅन्डब्रेक ओढला, साळ्यानं उडी मारून चाकाखाली दगड लावले.

पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन धावली चाकांवर ओतायला. तेवढ्यात बांबूचा एक ट्रक थांबला, ड्रायव्हरनं वरूनच आवाज दिला, "पाणी नोका टाकू बे, डिस्क तडकन." मग खाली उतरला, ट्रेलर पाहिला, वाकून त्याची चाकं पाहिली, अन् म्हणे, "याले ब्रेकच नाही? काऊन हो भाऊ, ज्या गिअरनं चढले त्याच गिअरनं उतरा ना." बस. एवढं बोलून गेला. आम्ही पाऊण तास बसून राहिलो, चाकं गार झाली, मग सेकंड अन् फर्स्टवर मुंगीसारखे खाली आलो.

नंतर गणित करून पाहिलं. माणसं-सामानासकट गाडी २३०० किलो धरा अन् ट्रेलर ७००, झाले तीन टन. चिखलदरा ते परतवाडा साडेसातशे मीटरच्या आसपास खाली यायचं. उतरताना जी ऊर्जा सुटते तिनं साठ-पासष्ट लिटर थंड पाणी उकळते. म्हणजे माझ्या ट्रेलरची अख्खी टाकी! सगळं ब्रेकवर येत नाही, थोडं हवा खाते, थोडं टायर, अन् खालचा गिअर असला तर बरंच इंजिन खाते, पण तिसऱ्या गिअरवर ब्रेक दाबून बसलं की जास्तीचं सगळं त्या चार चाकांच्या डिस्क अन् लाइनरवर. त्यातून माझं ब्रेक ऑइल चार वर्षांचं. ते हवेतला ओलावा शोषून घेते, नवीन डॉट ३ ऑइल २०५ अंशाच्या खाली उकळत नाही पण पाणी मुरलं की १४०च्या आसपासही उकळू शकते, उकळलं की वाफ होते, वाफ दबते अन् पेडल खाली जाते. दर दोन वर्षांनी बदला म्हणतात ते काही धंद्यासाठी म्हणत नाहीत. अन् न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणारे जे महाभाग आहेत त्यांना तर हात जोडतो.

ट्रेलरला ब्रेक पाहिजे की नाही? युरोपात ७५० किलोच्या वर ब्रेक सक्तीचा आहे, म्हणजे माझा ७१०चा तिथंही बिनब्रेकचा पास झाला असता हे मी मान्य करतो. पण सात माणसं भरून घाटात जायचं असेल तर मला तरी तो आता पाहिजेच. मुलीच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहे, स्टिअरिंगजवळ छोटा डबा असतो, ट्रेलर हलायला लागला तर फक्त ट्रेलरचाच ब्रेक हातानं मारता येतो. तिथल्या मिनीव्हॅनच्या पुस्तकात किती ओढायचं ते छापलेलं असते, सियेना किंवा ओडिसी असेल तर ३५०० पौंड, म्हणजे १५८८ किलो, अन् गाडीत माणसं-सामान वाढलं की ट्रेलर हलका करा हेही लिहिलेलं असते. माझ्या गाडीच्या पुस्तकात ट्रेलरचा आकडाच नाही. मी तो शोधला कधी? चिखलदऱ्याहून आल्यावर.

आता मागणी. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलं केलं, विदर्भात लोकं येतील, धंदा होईल. पण घाटाच्या वरच्या टोकाला "पुढे इतके किलोमीटर उतार, खालचा गिअर टाका" असा मोठा मराठी बोर्ड लावायला काय लागते? गाडी अन् ट्रेलर मिळून तीस-पस्तीस फूट होतात, तेवढी थांबायला जागा दर दोन-तीन किलोमीटरवर द्या, कारण मेळघाट म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचं रान, कुठंही गाडी लावून बसता येत नाही. ट्रेलर बनवणाऱ्यांकडून ब्रेकचं लिहून घ्या. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे, तो घाटात कोणी पाळत नाही, पण ट्रेलर लावून वळणावर रिव्हर्स घेऊन पाहा एकदा म्हणजे तो नियम कशाला आहे ते समजेल. अन् तुम्हालाही विनंती, पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली वजनाच्या दोन ओळी टाका.

माझ्या ट्रेलरसाठी ब्रेकवाला ॲक्सल सांगितला आहे. बसला की आधी रिकामा ट्रेलर घेऊन एकटाच उतरून पाहणार. साळा म्हणते मीपण येतो. मी म्हटलं तू धामणगाव गढीला चहा पीत थांब, मी पोचलो की दोन कप सांगू.

आपला,
एक जुना वाचक
त्रिमूर्तीनगर, नागपूर