टाळूवरचा काळा डाग

सोलापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

"तोंडात टाळूला काळा डाग दिसतोय, पण दुखत नाही. गड्ड्याच्या जत्रेला येईन तेव्हा दाखवतो," असं काल तू फोनवर म्हणालास. गड्डा जानेवारीत. तोवर थांबू नकोस, म्हणून हे पत्र.

दुखत नाही, हाच तर धोका. तोंडातला मेलानोमा हा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, त्याला तिखटही झोंबत नाही. बहुतेकदा तो टाळूवर नाहीतर वरच्या हिरडीवर असतो, म्हणजे आरशात सहज न दिसणाऱ्या जागी. गाठ आली, रक्त आलं, दात हलू लागला की माणूस येतो, आणि तोवर तो खोल गेलेला असतो, कधी मानेतल्या गाठींपर्यंत.

आपल्या सोलापुरात आणखी एक अडचण आहे. तोंडातला कुठलाही काळेपणा इथे मिश्रीच्या नावावर खपतो. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असली तर लोक आता दाखवायला येतात, काळ्या डागाला मात्र कुणी विचारत नाही. तू सुपारीसुद्धा खात नाहीस, ठाऊक आहे. पण हा कर्करोग रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा. तंबाखू न खाणाऱ्यालाही होतो.

हा आजार फार दुर्मीळ आहे, हेही तितकंच खरं. आपल्या हिरड्या मुळातच काळसर असतात, पण दोन्हीकडे सारख्या आणि वर्षानुवर्षं तशाच. चांदी भरलेल्या दाढेजवळही निळसर ठिपका राहतो. तुझा डाग मात्र नवा, एकाच बाजूला, आणि वहिनी म्हणतात पोळ्यापासून वाढलाय. मला वाढण्याचीच काळजी वाटते. नुसतं बघून मीही सांगू शकणार नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती मनातून काढ.

तसं काही निघालंच, तर लहान असताना पूर्ण काढता येण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तर टाळूचं हाडही काढावं लागतं. मग पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं, प्लेट लावल्याशिवाय घास गिळवत नाही. असे रुग्ण मी पाहिलेत, दत्ता. तुझ्यावर ती वेळ नको.

सोमवारी बार्शीहून सकाळची एसटी धर. मी स्टँडवर येतो, आपण सरळ सिव्हिलला जाऊ. नाश्ता करून ये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर चिठ्ठी आण, पण ती मनाने बंद करू नकोस. वहिनींनाही घेऊन ये, जेवायला आमच्याकडेच थांबा.

तुझा,
सुरेश