ब्रॅडफर्डच्या मेडिकलमधून

प्रिय संज्या,

"तिकडं तुम्ही नुसती लेबलंच चिकटवता ना रे?" हा तुझा टोमणा वाचला, फोनवर सांगून होणार नाही म्हणून लिहितोय.

आमचं औषधांचं दुकान, म्हणजे इथली फार्मसी, मॅनिंगहॅममध्ये आहे, इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा गरीब भाग. कापडगिरण्या कधीच्याच गेल्या, वस्ती बरीचशी पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरकडून आलेल्या लोकांची, त्यामुळे काउंटरवर माझं हिंदी इंग्रजीपेक्षा जास्त चालतं. इथं जीपीकडं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडं, नंबर लावायचा म्हणजे सकाळी ८ ला फोन धरून बसायचं, आता रात्रभर टॅक्सी चालवलेला माणूस ते कुठनं करणार, तो सरळ आमच्याकडं येतो. २०१४ च्या डरहॅम युनिव्हर्सिटीवाल्यांच्या एका अभ्यासात निघालं होतं की इंग्लंडात सगळ्यात गरीब भागातल्या ९९.८ टक्के लोकांना २० मिनिटं चालत फार्मसी गाठता येते, सगळा देश धरला तर ८९ टक्के. म्हणजे गरिबाला जवळ पडणारी आरोग्यसेवा इथं फार्मसीच.

३१ जानेवारी २०२४ पासून 'फार्मसी फर्स्ट' ही योजना सुरू झाली. घसा, सायनस, कान, नागीण, किडा चावून चिघळणं असे ७ आजार ठरवून दिलेत, त्यांना लागलं तर आम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक (नागिणीला व्हायरसवरचं औषध) देतो, पण मनाला येईल तसं नाही, नियम कडक आहेत. परवा एक बाई सासूबरोबर आली, काउंटरवर काही बोलेना. सासूला खुर्चीत बसवलं, बाईला आतल्या खोलीत नेलं, तेव्हा कुठं लघवीला जळजळतंय म्हणून बोलली. ताप आहे का, पाठीत दुखतं का, दिवस गेलेत का, सगळं विचारलं, १६ ते ६४ वयाच्या बाईला यात बसत असेल तर ३ दिवसांच्या गोळ्या मिळतात. ताप किंवा पाठदुखी असती तर लगेच डॉक्टरकडं धाडली असती. ती खोली नसती ना, तर बाई तशीच परत गेली असती.

रमझानचं तर वेगळंच. शुगरवाले परस्पर डोस सोडतात, डॉक्टरला सांगत नाहीत, आम्हाला मात्र सांगतात! म्हणून रोजे लागायच्या आधीच मी विचारायला लागतो आणि गोळ्यांच्या वेळा बदलायला जीपीकडं पाठवतो.

पण सगळं गोड नाहीये. चिठ्ठीवरच्या दर औषधाला ९.९० पाउंड. पोरांना, साठीच्या पुढच्यांना आणि काही सरकारी मदत घेणाऱ्यांना माफ आहे, पण कमी पगारावर राबणारा मधेच लटकतो, तीन औषधं बघून विचारतो, "भाईजान, इसमें से कौनसी छोड़ दूँ?" काय सांगणार? मग वर्षाचा ११४.५० चा पास काढून देतो, हप्त्यांनी भरता येतो, आणि हा पास असतो हेच निम्म्यांना माहीत नसतं. शेजारच्या स्कॉटलंड-वेल्समध्ये सगळ्यांनाच फुकट, मला तर हा चार्ज मूर्खपणाच वाटतो, औषध सोडलेला माणूस शेवटी हॉस्पिटलात जातो आणि खर्च सरकारलाच पडतो ना. त्यात सरकार कामं वाढवतंय, पैसे मात्र पुरत नाहीत, गेल्या काही वर्षांत शेकडो फार्मस्या बंद पडल्यात, गरीब भागात तर जास्तच.

बीपीचं काम मला सगळ्यात आवडतं. आधी बीपी निघालेलं नसलं तर चाळिशीच्या पुढचा कोणीही येऊन फुकट मोजून घेतो, १४०/९० च्या वर गेलं तर २४ तासांचं मशीन दंडाला बांधून घरी पाठवतो, १८०/१२० किंवा त्याच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्याला मी "बसा दोन मिनिटं" म्हणतो आणि बीपी मशीनचा पट्टा (त्याला कफ म्हणतात) दंडाला गुंडाळतो, तुझ्या दुकानात पेपर वाचायला येऊन बसतात तसलीच गिऱ्हाइकं ती.

तू बीपीचं मशीन घेतोयस म्हणालास ना, तर मोठा कफ पण घे. जाड दंडाला लहान कफ लावला की बीपी उगाच जास्त दाखवतं आणि माणूस विनाकारण घाबरतो. पाच मिनिटं बसवल्याशिवाय मोजू नकोस, आणि मोजताना गप्पा मारायच्या नाहीत, हे तुला जड जाणार.

वहिनींना नमस्कार सांग, काकांचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझाच,
पक्या