भैरूच्या डाव्या पायाबद्दल

प्रिय मित्रा,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तू रागावला असशील तर बरोबरच आहे. इकडे सगळे ठीक, आईचा गुडघा होता तसाच. आज लिहायला बसलो ते तुझ्या जर्मन शेफर्ड पिल्लाच्या, भैरूच्या व्हिडिओमुळे. ‘बघ कसा ऐटीत चालतो’ असं तू खाली लिहिलंयस. मी तो दोनदा कौतुकाने पाहिला, तिसऱ्यांदा हळू करून पाहिला आणि पोटात गोळा आला. भैरू लंगडतोय रे.

पुढच्या पायाचं दुखणं पायापेक्षा मानेत आधी दिसतं. दुडक्या चालीत दुखरा पाय टेकला की कुत्रा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो. चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. भैरूचा डावा पाय फरशीला लागतो तेव्हा प्रत्येक वेळी त्याचे कान वर जातात, नीट बघ. शेवटी तो बसतो तेव्हा डाव्या पंजाची बोटं बाहेर वळलेली आहेत आणि कोपर छातीला चिकटलेलं आहे. मला खटकलंय ते हेच.

आता काका म्हणतील, हाडं वाढतात तेव्हा दुखतंच, होईल बरं. त्यांचं अगदीच खोटं नाही. जर्मन शेफर्डच्या पिल्लांमध्ये साधारण पाच ते अठरा महिन्यांच्या दरम्यान पॅनोस्टिआयटिस म्हणून एक दुखणं येतं. लांब हाडांच्या आतल्या पोकळीत दाह होतो, आज या पायात तर पंधरा दिवसांनी त्या पायात, आणि आपोआप जातं. त्यात हाडाच्या मधोमध दाबलं की पिल्लू पाय ओढून घेतं, पण सांधे मोकळे असतात. भैरूचा पाय बदललेला नाही. तूच लिहितोस की तीन आठवडे डावाच, आणि झोपून उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं जास्त. झोपेनंतर आखडणं आणि पाय तोच राहणं, ही दोन्ही सांध्याची लक्षणं आहेत. म्हणून माझा संशय कोपरावर आहे.

शेफर्डच्या कोपरात मागच्या बाजूला हाडाचा चोचीसारखा एक तुकडा असतो, अँकोनिअल प्रोसेस. तो साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत अल्ना या पुढच्या पायाच्या हाडाला जुळायला हवा. भैरू सहा महिन्यांचा, म्हणजे सव्वीस आठवड्यांचा झाला. अजून जुळला नसेल तर तो तुकडा सांध्यात हलत राहतो आणि कूर्चा खरवडतो. दुसरी शक्यता त्याच हाडाचं आतल्या बाजूचं टोक, म्हणजे कोरोनॉइड, तुटल्याची. या सगळ्याला मिळून एल्बो डिस्प्लेशिया म्हणतात. हे वेळेत कळायला हवं. तुकडा लवकर सापडला तर काही पिल्लांमध्ये तो स्क्रूने बसवता येतो, सांधा झिजल्यावर तो पर्याय राहत नाही.

डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. त्याआधी तू स्वतः पंजा बघ: नखं, गाद्या, बोटांमधलं अंतर, काटा, फाटलेलं नख. मग बोटांपासून खांद्यापर्यंत एकेक सांधा सावकाश दुमडून आणि सरळ करून बघ. आधी उजवा, मग डावा, म्हणजे फरक कळेल. तो चाटायचं थांबवून तुझ्याकडे वळून बघेल किंवा श्वास रोखेल, तीच जागा. जोर लावू नकोस. व्हिडिओ परत काढ, तीन: समोरून, मागून, बाजूने, खडबडीत सपाट जमिनीवर, सैल दोरीने दुडक्या चालीत. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेली पिल्लं लंगडणं विसरतात, तिथे हे व्हिडिओच कामाला येतात.

तिथे एक्स-रे दोन्ही कोपरांचा माग. दोन्ही बाजू बिघडलेल्या असणं नेहमीचं आहे. अशा पिल्लाची मान हलतच नाही, तो नुसती आखूड पावलं टाकतो आणि सगळ्यांना शहाणा वाटतो. एक फोटो कोपर पूर्ण दुमडून बाजूने घ्यायला सांग, चोच तिथेच दिसते. कोरोनॉइड साध्या एक्स-रेत बऱ्याचदा लपतो, त्याला सीटी स्कॅन लागतो. भूल देणारच असतील तर खुब्याचाही एक फोटो घेऊ देत. तो उखळीचा सांधा सैल आहे का, हे डॉक्टर त्याच भुलेत हाताने तपासू शकतात. मागचे दोन्ही पाय एकत्र टाकत सशासारखा पळतो का, हे मात्र तू घरी बघ.

घरातली वेदनाशामक गोळी देऊ नकोस, अर्धीही नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात. शिवाय दुखणं दबलं की तो उड्या मारेल आणि तपासणीत काही सापडणार नाही.

आता आपलं जुनं भांडण, कॅल्शियमचं सिरप. त्या रात्री गच्चीवर तू म्हणालास, ‘मोठी हाडं, मोठी बाटली.’ मी तेव्हा हसलो आणि विषय सोडला, तो सोडायला नको होता. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, पोटात गेलं त्यातलं बरंचसं शोषलं जातं. मग कूर्चेचं हाड होण्याची प्रक्रिया बिघडते, आणि सांधे व वाढीच्या पट्ट्या (हाड जिथून लांब होतं ती जागा) यांचं गणित चुकतं. तू देतोस ते तयार खाद्य मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच असेल तर त्यात लागतं तेवढं आधीच असतं. पाकिटावरचा आकडा बघ. आफको या अमेरिकेतल्या पशुखाद्य मानकात मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कोरड्या वजनावर, म्हणजे ओलावा वगळून, १.८ टक्के कॅल्शियम ही कमाल आहे. पाकिटावर १.४ टक्के आणि ओलावा १० टक्के असेल तर १.४ ला ०.९ ने भाग, सुमारे १.५६ येतं. म्हणजे ठीक. त्यावर सिरप ओतलं की हिशोब मोडला. नुसतं मांस देण्यात उलटा धोका, तिथे कॅल्शियम फारच कमी पडतं.

आणि वजन. वहिनींना वाईट वाटेल, पण ते बाळसं नाही, चरबी आहे. मूठ आवळ आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीच्या हाडांवरून हात फिरव, मग मूठ उघडून हाताच्या पाठीवरून. भैरूच्या बरगड्या हाताच्या पाठीसारख्या लागायला हव्यात. फार शोधाव्या लागल्या तर तो जाड आहे. वरून बघताना कंबर दिसायला हवी. ४८ लॅब्राडॉरांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २५ टक्के कमी खाल्लेली कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवात उशिरा आला. तू एकदम २५ टक्के कापू नकोस. आधी दहा टक्के कमी कर, ताटातले घास बंद कर आणि दर आठवड्याला त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहा. मग तुझं वजन वजा कर. तुझंही वजन लिहून ठेव, मला सांगू नकोस!

निदान होईपर्यंत दोरीने पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, तेही सपाट जमिनीवर. चेंडू बंद, कारण पळता पळता गर्रकन वळणं कोपराला सर्वांत महाग पडतं. जिना आणि गाडीतून उडी नको. गुळगुळीत फरशीवर त्याच्या वाटेपुरत्या चटया टाक आणि नखं काप. एरवी मऊ जमिनीवर मनाप्रमाणे पळणं पिल्लाला चांगलंच आहे, बंदी कायमची नाही.

पाय अजिबात टेकला नाही किंवा मनगटाच्या वर दोन्हीकडे गरम सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना. ताप गुदद्वारातून मोज. ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तरी तेच. पडून वाढीची पट्टी दुखावली असेल तर पाय पुढे वाकडा वाढू शकतो. कुत्र्यात अल्नाची खालची पट्टी शंकूसारखी असते, तिला मार लवकर बसतो. खच्चीकरणाचं अजून ठरवू नकोस. मोठ्या जातींमध्ये वर्षाच्या आत केलं तर सांध्यांच्या तक्रारी वाढू शकतात.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचं दहावीचं वर्ष ना? कळव. भैरूच्या एक्स-रेच्या मूळ फाइल पाठव, काचेवर धरून काढलेला फोटो नको, त्यात कोपर दिसत नाही.

तुझाच दोस्त

ता. क. सिरपची बाटली फ्रिजच्या दारात असते, मला आठवतंय. आजच बाहेर काढ.